आठ लाख वर्षांचा टॉवेल

गुरुवार, २० मार्च

टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी मालक दर जानेवारीत डायरी पाठवतात. आजवर मी तिच्यात वेली, फुलं आणि किनारीच काढल्या. चाळीस वर्षं डिझाईन मास्तर होतो, हाताला दुसरं काही सुचत नाही. आज लिहायला बसलोय, कारण हे घरात बोलता येत नाही. बायकोशी, विजयमालेशी बोललं तर ती नीट ऐकून घेते आणि मग खरं बोलते. तीच पंचाईत आहे.

आरोहीची बारावी परवा संपली. आरोही म्हणजे माझ्या लेकीची, अपेक्षाची मुलगी. जन्मापासून दृष्टी नाही. जावयांचं टेंभुर्णीला हायवेवर टायरचं दुकान. तिथं अशा मुलांची शाळा नाही, म्हणून सहाव्या वर्षी तिला आम्ही आमच्याकडं आणलं, त्याला बारा वर्षं झाली. सोलापूरबाहेरच्या कुंभारीच्या घरकुलातून शहरातल्या शाळेपर्यंत मी तिला रोज नेलं आणि आणलं. माझ्या डाव्या खांद्यावर तिचा हात असतो. तो नसला की मलाच रस्ता चुकल्यासारखं होतं.

आज जेवताना ती म्हणाली, मला भूगोल शिकायचाय, पुण्याला. मी म्हटलं, भूगोल म्हणजे नकाशे आणि आलेख, ते तुला कसं जमायचं? इथलं कॉलेज जवळ आहे, मराठी घे, मी सोडत जाईन. ती गप्प बसली. विजयमालाही गप्प बसली, म्हणजे दोघींचं आधीच ठरलेलं दिसतंय.

रविवार, २३ मार्च

या भूगोलाचं मूळ एका सहलीत आहे. नववीत असताना बाईंनी मुलांना दगडाच्या खाणीत नेलं आणि काळ्या खडकावर हात ठेवायला लावले. हा दगड म्हणजे गार झालेला लाव्हा, असं सांगितलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन फाटून आग वाहत होती, थांबत थांबत लाखो वर्षं, आणि तिच्यातून निघालेल्या वायूंनी साऱ्या जगाची हवा बदलली. आरोही घरी येऊन म्हणाली, आबा, आपण ज्याच्यावर झोपतो त्यानं एकदा अख्खं जग तापवलं होतं. मी म्हटलं, अजूनही तापवतंय, पंखा लाव. मला वाटलं विषय संपला.

संपलेला नाही. तिच्या ब्रेलच्या पुस्तकात पृथ्वीच्या हवामानावर एक प्रकरण आहे. आज ती बोटं फिरवत मोठ्यानं वाचत होती. ज्वालामुखी, खंडांचं सरकणं, सूर्याचं कमीजास्त तापणं, पृथ्वीच्या फिरण्यातले हेलकावे. प्रत्येक कारणानंतर ‘आकृती पाहा’ असं येई आणि आकृतीची जागा कोरी. त्या कोऱ्या जागेवरून तिनं दोनदा हात फिरवला. तिला दिसत नाही याचं इतकं वाईट मला फार दिवसांनी वाटलं.

बुधवार, २ एप्रिल

आरोहीनं स्वतःच पुण्याच्या एका कॉलेजात फोन लावला. तिथल्या भूगोलाच्या प्राध्यापक बाई सरळ बोलल्या. दृष्टी नाही म्हणून नकार देणार नाही, पण आलेख वाचता यायला हवा. सोळा जूनला ये, तुला सोयीचं पडेल त्या पद्धतीनं हवामानाचा एक आलेख आम्हाला समजावून सांग. जमलं तर प्रवेश, नाही तर दुसरा विषय घे.

हे मला योग्य वाटलं. हिला जमणार नाही असंही वाटलं आणि त्यानं जरा बरं वाटलं. डायरी खासगी आहे म्हणून लिहून ठेवतो.

संध्याकाळी अपेक्षाचा फोन. रोज असतो. आरोही जेवली का, तिचा आवाज बसलाय का, केस कुणी विंचरले. बारा वर्षं हीच टकळी. मी म्हटलं, अगं, पोरगी माझ्या घरात आहे, जंगलात नाही. तिनं फोन ठेवला.

रविवार, ६ एप्रिल

दुपारी एक्केचाळीस अंश. आरोही तोंड धुऊन आली आणि टॉवेलानं पुसता पुसता तिचं बोट थांबलं. म्हणाली, इथं वेल वळते, इथं पान फुटतं, इथं कळी आहे. माझ्याच हातचा जुना टॉवेल, पंचवीस वर्षांपूर्वीचा. नक्षीच्या जागी सुताचे लूप वर उचललेले, बाकी कापड सपाट. मी तिच्याकडं पाहत राहिलो. एवढी वर्षं ती माझं काम वाचत होती आणि मला पत्ता नव्हता.

मग डोक्यात आलं की वेल काढता येते तर हिमयुगांच्या तापमानाचा आलेख का नाही. जिथं ऊब जास्त तिथं लूपची पट्टी रुंद, जिथं थंडी तिथं अरुंद. बोट पट्टीच्या कडेनं गेलं की आलेख वाचून झाला.

लगेच कमलम्माकडं गेलो. दोन गल्ल्या पलीकडं, घरामागच्या शेडमध्ये तिचे दोन जुने माग आहेत, नवरा गेल्यापासून तीच चालवते. माझं सगळं ऐकून म्हणाली, “मास्तर, चाळीस वर्षं फुलं काढली तुमी. आता बर्फ काढणार?” मग सुनेला तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि दोघी पोटभर हसल्या. पण माग दिला, आणि पोत्याखाली झाकून ठेवलेलं, नक्षीच्या कार्डांना भोकं पाडायचं मशीनही दिलं. कार्डात भोक असेल तिथं माग लूप उचलतो.

घरी सांगितलं तेव्हा आरोहीनं माझे दोन्ही हात धरले. बराच वेळ सोडले नाहीत. मी मनातल्या मनात म्हटलं, गड्या, तू हे काय करून बसलास?

शुक्रवार, १८ एप्रिल

आलेखाची झेरॉक्स मिळाली. गेल्या आठ लाख वर्षांचं तापमान. दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या बर्फावरून ते कळतं म्हणे. टॉवेल चोपन्न इंची, म्हणजे एका इंचात पंधरा हजार वर्षं. शेती, गावं, राजे, सोलापूर आणि मी, सगळे शेवटच्या एका इंचात.

आता रोज सकाळी ती शिकवते आणि मी ऐकतो. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट कधी गोल असते, कधी जरा लांबट. तिचा आस कधी जास्त कलतो, कधी कमी, आणि भोवरा मंदावताना डुलतो तसा डुलतोही. एवढ्याशा फरकानं उत्तरेकडच्या उन्हाळ्यात बर्फ वितळायचं राहतं, साठत जातं आणि हिमयुग येतं. त्याही आधी म्हणे आपला देश दक्षिणेकडून सरकत येऊन आशियाला धडकला, हिमालय वर आला, त्याचा दगड झिजताना हवेतला कार्बन शोषला गेला आणि सगळी पृथ्वी कोट्यवधी वर्षं गार होत गेली. मी विचारलं, हे सगळं कुणी केलं? ती म्हणाली, कुणी नाही आबा, आपोआप झालं. माझा यावर अजून विश्वास बसलेला नाही.

एक वेगळंच चाललंय. भाताला पाणी किती हे ती आजीला विचारते, शर्टाला गुंडी लावायला शिकते. काल पांढरी काठी घेऊन एकटीच कमलम्माकडं निघाली. मी दहा पावलं मागं राहून गेलो. मागं न वळता म्हणाली, आबा, चप्पल शिवून घ्या, उजवी वाजते. मुली मोठ्या झाल्या की त्यांना घरकामाची हौस येते बहुधा. विजयमालेला तसं म्हटलं तर तिनं कपाळाला हात लावला.

सोमवार, ५ मे

बारावीचा निकाल. चौऱ्याऐंशी टक्के. कमलम्मानं पेढे आणले. अपेक्षा फोनवर रडली. आनंदाच्या दिवशी रडणारी माणसं मला कधी कळली नाहीत.

मंगळवार, २० मे

आलेख चौकटीच्या कागदावर उतरवून झाला. डोळे शिणलेत माझे. झेरॉक्समधली रेघ फार ओबडधोबड आहे, एक दाता एका तऱ्हेचा, दुसरा दुसऱ्या. पण हात बसलेला आहे, तो आपोआप नीट करत गेला. आता सुबक दिसतंय. उद्यापासून भोकं पाडायची, सातशे वीस कार्डं.

शनिवार, ३१ मे

टॉवेल झाला. कमलम्माचा माग दोनदा रुसला. ती म्हणाली की तिच्या गुडघ्यासारखाच आहे, बसला की उठत नाही. पण तिसऱ्या खेपेला कापड सरसर उतरलं. चाळीस वर्षांत इतका देखणा तुकडा मी काढला नव्हता.

आरोहीनं तो मांडीवर पसरला आणि कडेनं बोट फिरवत गेली. जुन्या टोकापासून नव्या टोकापर्यंत, मग परत. तिसऱ्यांदा फिरवताना मध्येच थांबली. मला वाटलं आनंदानं बोलवत नसेल. मग तिनं विचारलं, “आबा, कागदावर असंच आहे ना?” मी म्हटलं, अगदी असंच. ती बरं म्हणाली आणि टॉवेल घडी करून ठेवला.

रविवार, १ जून

टॉवेल चुकलाय.

सकाळी सहज झेरॉक्स शेजारी ठेवली. कागदावरची रेघ करवतीसारखी आहे. थंडी येते ती हळूहळू, सहा सहा इंच उतरत. ऊब परत येते ती पाऊण इंचात, एकदम. मी काय केलं, तर दोन्ही बाजू सारख्या केल्या. देवळाच्या शिखरांची किनार काढली. टॉवेलच्या किनारीला एक बाजू तिरकी आणि दुसरी उभी आली की माल परत यायचा, म्हणून चाळीस वर्षं डोळे झाकून जे केलं तेच हातानं केलं. दाते सगळे एका मापाचे, त्यांच्यातलं अंतरही एका मापाचं. डिझाईन म्हणून नंबर एक. आलेख म्हणून पार खोटा.

ती त्या बाईंसमोर हाच टॉवेल वाचणार.

मंगळवार, ३ जून

सांगितलं नाही.

खरं लिहितो. हा टॉवेल घेऊन ती गेली तर तिचं बोट चुकीचं वाचेल, बाई म्हणतील आलेख जमत नाही, आणि ती परत येईल. मराठी घेईल. रोज सकाळी साडेदहाला आम्ही दोघं निघू. मला काहीच करावं लागणार नाही, फक्त गप्प बसायचंय.

चोरी अशी इतकी सोपी असेल असं वाटलं नव्हतं. काल जेवण गेलं नाही. विजयमालेनं ताट उचललं आणि म्हणाली, “अवं, पोटात काय असंल ते बोलून टाका. माज्याशी न्हाय, तिच्याशी.” हिला कसं कळतं कुणास ठाऊक.

गुरुवार, ५ जून

आरोही आमच्यासमोर सराव करते. लाव्हा, हिमालय, पृथ्वीचं डुलणं, सगळं घडाघडा सांगते आणि हिमयुगांपाशी आली की थांबते. म्हणते, पुढचं अजून जमत नाही. आज थांबली आणि म्हणाली, “आबा, तुम्हाला काही सांगायचंय का?” मी म्हटलं, हो, जेवून घे.

शनिवार, ७ जून

सांगितलं.

सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, आरोही, टॉवेल चुकलाय. दाते मी सारखे केले, खरे सारखे नाहीत. मला रविवारपासून माहीत आहे.

“मला शनिवारपासून,” ती म्हणाली.

मी खाली पायरीवर बसलो. ती माझ्या आवाजाच्या अंदाजानं आली आणि शेजारी बसली. म्हणाली, पाठात लिहिलंय की, थंडी हळूहळू येते आणि ऊब लवकर. बोटाला दोन्ही बाजू सारख्या लागल्या तेव्हाच कळलं.

“मग बोलली का नाहीस?”

“चुकून झालं असेल तर तुम्ही सांगालच, असं वाटलं. नाही सांगितलंत तर तुम्हाला मी जायला नको आहे, एवढं मला कळलं असतं. मग मी गेले नसते आबा.”

सात दिवस हे पोर माझ्या तोंडाकडं कान लावून बसलं होतं. मी आणखी नऊ दिवस गप्प राहिलो असतो तर ती कुठलीही तक्रार न करता इथंच राहिली असती. मी जिंकलो असतो, आणि तिला सगळं माहीत असून ती रोज माझ्या खांद्यावर हात ठेवून चालली असती.

मी म्हटलं, मला तू जायला नकोच आहेस. खोटं कशाला बोलू? पण तू जा. आणि नवा टॉवेल करू, आठ दिवस आहेत.

ती म्हणाली, मलाही तुम्हाला सोडून जायला नकोय. मग आम्ही दोघं तिथं बसून राहिलो. उरलेले कपडे विजयमालेनं वाळत घातले.

गुरुवार, १२ जून

तीन दिवस कागद, तीन दिवस कार्डं. या वेळी हाताला मोकळं सोडलं नाही, एकेक दाता झेरॉक्सवरून मोजून काढला. जिथं रेघ वेडीवाकडी तिथं वेडीवाकडीच. फार जड गेलं, सुबक करू नकोस असं मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

कार्डं तपासायला आरोही बसली. भोक आहे की नाही हे तिच्या बोटाला माझ्या डोळ्यांआधी कळतं. मी कागदावरून रांग वाचायची, तिनं कार्ड चाचपायचं. दोन चुका तिनं पकडल्या, मी एकही नाही. विजयमाला कार्डं दोरीत ओवत होती. कमलम्मानं शेजारचा माग बंद ठेवला, म्हणजे आमचं बोलणं ऐकू येईल. आज दुपारी चारला टॉवेल उतरला. दिसायला अगदीच ओबडधोबड. आरोहीचं बोट सहा इंच हळूहळू उतरलं आणि मग एकदम वर चढलं, आणि ती हसली.

सोमवार, १६ जून

पुणे. मी व्हरांड्यात बसलो होतो, दार उघडं होतं.

तिनं दोन्ही टॉवेल नेले होते. मला सांगितलं नव्हतं. आधी चुकलेला पसरला आणि म्हणाली, फक्त पृथ्वीच्या डुलण्यानंच सगळं ठरलं असतं तर आलेख साधारण असा आला असता, सारखा आणि शांत. मग दुसरा पसरला. खरा असा आहे, म्हणाली, कारण बर्फ साठायला वेळ लागतो आणि वितळायला लागलं की समुद्रातून कार्बन सुटतो, त्यानं ऊब आणखी वाढते. बाईंनी विचारलं, मग आत्ताची तापमानवाढ याच कारणांनी होते का? आरोही म्हणाली, नाही. इथल्या एका आडव्या धाग्यात पावणेचारशे वर्षं आहेत. माझ्या आज्जी-आबांच्या आयुष्यात जेवढं तापलं, तेवढ्या काळात तर एक धागाही पुरा होत नाही. ही घाई पृथ्वीची नाही, आपली आहे.

मग बाईंनी विचारलं, पहिला टॉवेल कुणी केला? ती म्हणाली, दोन्ही माझ्या आबांनीच केले.

प्रवेश मिळाला.

शनिवार, २८ जून

काल तिला वसतिगृहात सोडायला निघालो. अपेक्षा पुण्याला यायला तयार नव्हती, दुकानात माणूस नाही म्हणाली. बस टेंभुर्णीला थांबली तेव्हा वर चढून लेकीला भेटली, तिचे केस नीट केले आणि उतरून गेली. मला जरा कोरडंच वाटलं.

मी दोन दिवस राहायच्या तयारीनं गेलो होतो. पण आज सकाळी आरोही वसतिगृहाच्या जिन्यावरून तीनदा एकटी वर-खाली करून आली आणि म्हणाली, आबा, तुम्ही आता निघा, नाहीतर मी तुमच्या खांद्याच्या भरवशावर राहीन. मी निघालो. फाटकापाशी मागं वळून पाहिलं, ती आतल्या मुलींशी बोलत होती.

परतीची बस टेंभुर्णीला पोचली तेव्हा अपेक्षा स्टँडवर डबा घेऊन उभी होती. खिडकीतून डबा दिला आणि विचारलं, रडली का ती? मी म्हटलं, न्हाय.

“आणि तुमी, आण्णा?”

म्हटलं, हडपसरपासनं इंदापूरपर्यंत.

ती खिडकीचा गज धरून उभी राहिली. म्हणाली, “मी सोलापूर सुटल्यापासनं टेंभुर्णीपर्यंत. तिला तुमच्याकडं ठिवून आले त्या दिवशी. सहा वर्साची हुती. तुमी स्टँडवर म्हनला हुता, पोरगी आपल्याच घरात हाय, त्यात रडायचं काय.”

मी असं म्हणालो होतो हे मला आठवतही नाही. बारा वर्षं मी तिचं लेकरू सांभाळतोय याचा मोठेपणा मिरवला. ती ते देऊन रिकाम्या हातानं परत गेली होती, हे एकदाही माझ्या मनात आलं नाही.

कंडक्टरनं घंटी दिली. मी पिशवी घेऊन खाली उतरलो.

हे दुकानासमोर टायरवर बसून लिहितोय. अपेक्षा आत चहा टाकते आहे. मघाशी विजयमालेला फोन करून सांगितलं की आज येत नाही, लेकीजवळ राहतो. ती म्हणाली, “ऱ्हावा की. लई उशीर केला, पण ऱ्हावा.”